आधी अँटीव्हायरस बंद करा

भिंगारच्या बाजारात, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. आहे म्हणायचं इतकंच. आता दिवसाला चार-पाच जणं जिना चढतात आणि त्यातली दोन झेरॉक्स कुठं मिळेल ते विचारायला आलेली असतात. पण पंधरा वर्षांपूर्वी इथे चपला काढायला जागा नसायची. कॅन्टोन्मेंटमधल्या सिव्हिलियन बाबूंची पोरं यायची, आसपासच्या खेड्यांतल्या मुली मामाकडे, मावशीकडे राहून सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसायच्या, आणि मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो की सगळे चिडीचूप. मला ते आवडायचं. कबूल करायला आता लाज वाटत नाही, कारण लाज वाटावी असं त्यानंतर बरंच घडलं आहे.

माझं एक पेटंट वाक्य होतं: ‘वाचल्याशिवाय बटण दाबेल तो माझा विद्यार्थी नाही.’ हे मी ओरडून सांगायचो, कारण माझी अर्धी कमाई लोकांनी न वाचता दाबलेल्या बटणांवर चालायची. कोणी गाणी ऐकायचा प्रोग्राम टाकायला जायचा आणि त्यासोबत तीन पाहुणे घरात घ्यायचा. इंटरनेट उघडलं की भलतंच पान, डोक्यावर जाहिरातींची पट्टी, कोपऱ्यात एक खिडकी उघडून सांगायची की तुमच्या मशीनमध्ये ढीगभर दोष आहेत, दुरुस्तीसाठी इथे दाबा. लोक तिथेही दाबायचे! एक वकीलसाहेब तर माझ्यावरच चिडले होते, म्हणाले, ‘अहो, मी कुठे काय घेतलं? त्यानेच दिलं.’ मी त्यांना ते पान परत उघडून दाखवलं. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की अमुक प्रोग्रामही सोबत टाकतो आहोत, आणि त्यापुढच्या चौकोनात खूण आधीच करून ठेवलेली. ती खूण फक्त काढायची होती. वकील माणूस, आयुष्य बारीक अक्षरं वाचण्यात गेलेलं, आणि घरच्या मशीनवर ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. मी हा किस्सा वर्गात रंगवून सांगायचो आणि पोरं खो-खो हसायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

त्या काळी मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर सगळीकडे चालायचं. ते विकत घेतलं की सोबत मशीनला खोचायचं एक कुलूप यायचं, म्हणजे एका खरेदीत एकच मशीन चालायचं. माझ्याकडे अकरा मशीन होती. मी एक घेतलं आणि बाकी दहांवर जे सगळे करत होते तेच केलं. पुण्याहून आलेल्या एका सीडीत कुलूप तोडणारी एक छोटी फाईल होती. नगरमधल्या कुठल्याही डीटीपीवाल्याच्या खणात तेव्हा ती सीडी सापडली असती. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, चर्चच्या नाताळ कार्यक्रमाची पत्रकं, सगळं त्या तोडलेल्या कुलपावर छापून निघत होतं. अडचण एकच होती. अँटीव्हायरस त्या फाईलला चोर समजायचा आणि उडवून टाकायचा. चोरच होती ती, त्याचं काय चुकलं? पण आम्हाला काम करायचं होतं. म्हणून आमच्यात रीत पडली: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग सीडी घाला.

ती रीत मी फळ्यावर लिहिली. पहिली पायरी, दुसरी पायरी, अशा सात. मुली पाढे म्हणतात तशा त्या पायऱ्या एका सुरात म्हणायच्या. पहिली पायरी, आधी अँटीव्हायरस बंद करा. परीक्षेच्या आधी मी नुसतं ‘पहिली?’ विचारलं की अख्खा माळा दुमदुमायचा. खालचा चपलावाला म्हणायचा, काय सर, आरती चाललीय का?

हा नियम त्या एका सीडीपुरता आहे, हे वाक्य मी कधी बोललोच नाही. सुचलंच नाही. माझ्या डोक्यात ते इतकं उघड होतं की सांगायची गरज वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर ते सांगताना ‘ही सीडी चोरीची आहे’ हेही सांगावं लागलं असतं, आणि मी तर सर होतो.

त्या मुलींमध्ये एक होती, मावशीकडे राहून शिकणारी, कर्जत तालुक्यातली. बोलायची कमी. चूक झाली की जीभ चावायची. शिकवलेलं कधी विसरायची नाही. मी वर्गाला हिचं उदाहरण द्यायचो, म्हणायचो, ‘हिच्यासारखं करा, स्वतःची अक्कल मध्ये घालू नका.’ शब्दशः हेच. परीक्षा पास झाली आणि तिचं लग्न झालं, मिरजगावच्या पुढे एका गावात दिली. दरवर्षी गुरुपौर्णिमेला तिचा फोन यायचा. एका वर्षी फोनवर आवाज वेगळाच लागला, म्हणाली, ‘सर, मला शाळेत लावून घेतलं. हापिसात. टेबल-खुर्ची हाय मला.’

ते टेबल म्हणजे काय होतं, हे तिच्याकडून तुकड्यातुकड्यात कळलं. एका खाजगी संस्थेची माध्यमिक शाळा, मानधनावरचं काम. सासरची चार एकर बागायत, दोन जावा, सगळ्या रानात. ही आल्यापासून खुरपणीला जायची. दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागून तिने घराबाहेर पडायची परवानगी मिळवली होती. सासूबाई पहिले सहा महिने बोलल्या नाहीत. मग एक दिवस गावातल्या कोणाचा तरी शाळेचा दाखला अडला होता, तो हिने तासाभरात काढून दिला. तो माणूस घरी येऊन सासूबाईंना म्हणाला, ‘तुमच्या मॅडमनी लई उपकार केले.’ त्या दिवसापासून सासूबाई तिचा डबा भरून ठेवायला लागल्या. हे मला सांगताना ती फोनवर हसत होती. ‘सर, आता आत्यापन मला मॅडम म्हंत्यात. चिडवायला, पन म्हंत्यात.’

तीन वर्षं तिने त्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मशीनवर चढवलं. शाळा सुरू झाल्यापासूनची एकेक मुलाची नोंद: नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी सोडून गेला. कागद पिवळे पडून तुकडे पडायला लागले होते, आणि गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यातली एक ओळ लागतेच. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः काढलं होतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर वरच्या कार्यालयातून शाळेला कळवलं गेलं की याद्या नव्या मराठी अक्षरात पाठवा, जुना फॉन्ट चालणार नाही. जुन्या अक्षराचं नवं करून देणारा प्रोग्राम मिळतो, फुकटही मिळतो. तिने तो शोधला. जे पान उघडलं त्यावर चार हिरवी बटणं होती, चारींवर ‘डाउनलोड’ लिहिलेलं, आणि खरी जागा होती खाली कोपऱ्यात, निळ्या बारीक अक्षरांत. तिने सगळ्यात मोठं बटण दाबलं. इतकं कोणाकडूनही होतं. फाईल उतरली, तिने उघडायला घेतली आणि अँटीव्हायरसने लाल पाटी दाखवली: ही फाईल धोक्याची आहे.

तिला जर काहीच शिकवलेलं नसतं तर ती तिथे घाबरून थांबली असती. पण ती माझी विद्यार्थिनी होती. नवा प्रोग्राम टाकताना लाल पाटी येते, हे तिला माहीत होतं. त्यावर काय करायचं तेही पाठ होतं. तिने अँटीव्हायरस बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाईल उघडेना. प्रत्येक नावाच्या शेवटी अनोळखी अक्षरं चिकटलेली, आणि पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी की फाईली परत हव्या असतील तर पैसे पाठवा. रजिस्टर गेलं, दहावीच्या याद्या गेल्या, अंतर्गत गुण गेले. दुसरी प्रत होती पेनड्राइव्हवर. पण शाळेतून दोनदा पेनड्राइव्ह चोरीला गेले होते, म्हणून शिपाईमामांनी तो सुतळीने मशीनच्या डब्यालाच बांधून ठेवला होता, खोचलेल्या अवस्थेत. त्यामुळे मशीनमध्ये शिरलेल्या चोराला तोही आयताच मिळाला.

संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. चूक मशीनची, कंपनीची की बाईची, हे कोणी सांगायचं? तेव्हा तीच म्हणाली, ‘नगरला माझे सर हायेत. त्यांना बोलवा. ते बघून सांगतील, त्यांच्याइतकं कुनाला कळत न्हाई.’ हे मला मुख्याध्यापकांनी फोनवर कौतुकाने सांगितलं. मला बरं वाटलं. मी सोलापूरची एसटी पकडली आणि खिडकीशी बसून ज्वारीची रानं बघत गेलो. आपल्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं आहे, या आनंदात मी होतो.

शाळेच्या व्हरांड्यात ती उभी होती. पंधरा वर्षांनी बघत होतो. हाताला घट्टे, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. वाकून पाया पडली. मी विचारलं, ‘नेमकं काय केलंस ते सांग, न घाबरता.’

‘सर, तुमी शिकवलं तसंच केलं,’ ती म्हणाली. ‘एक पायरी चुकवली न्हाई. आधी अँटीव्हायरस बंद केला, मग फाईल घातली. तरी असं का झालं हो?’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. सगळं नीट करूनही भाकरी करपली तर बाई चुलीकडे बघते, तशी ती माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात शिपाईमामा आले आणि मला आत घेऊन गेले.

मी मशीन तपासलं. तपासायला काय होतं? किती वाजता फाईल उतरली, किती वाजता अँटीव्हायरस बंद झाला, सगळं तिथे नोंदलेलं होतं. दोन्हींत सात मिनिटांचं अंतर. त्या सात मिनिटांत ती काय करत असेल हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पायऱ्या आठवत असणार.

मग मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक. अध्यक्ष, सात-आठ संचालक, सगळे पांढऱ्या कपड्यांतले. ती दाराजवळ उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मला खुर्ची दिली होती, मध्यभागी.

अध्यक्षांनी विचारलं, ‘सर, तुमी जानकार मानूस. त्या मशीनला राखन हुती म्हनं. मंग चोर आत कसा शिरला?’

‘राखण बंद केलेली होती,’ मी म्हणालो.

‘बंद? कुनी केली?’

ती माझ्याकडे बघत होती. आता सर सांगतील, असा चेहरा. तिला वाटत होतं की मी उठून म्हणेन, असंच करायचं असतं, हिचं काही चुकलेलं नाही. आणि मला जे म्हणायचं होतं ते असं: बंद तिने केली, पण करायला मी शिकवलं, चोरीची सीडी चालावी म्हणून शिकवलं, आणि हा नियम इतरांसाठी नाही हे सांगायचं राहून गेलं. एवढीच तीन वाक्यं होती. एसटीत ती म्हणायची असती तर मी सहज म्हटली असती.

‘ऑपरेटरनं,’ मी म्हणालो.

पंधरा वर्षं जिला मी नावाने हाक मारत होतो तिला मी ऑपरेटर म्हटलं.

‘असं करत्यात का?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘असं कधीही करायचं नसतं.’

मी घाबरलो, दुसरं काही नाही. त्या आठ माणसांसमोर माझं ‘सर’ असणं जाईल, चोरीची सीडी निघेल, गोष्ट नगरपर्यंत जाईल, भिंगारच्या बाजारात लोक हसतील, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. तिच्या टेबलाचा विचार शेवटी आला, आणि तोपर्यंत माझं तोंड बोलून मोकळं झालं होतं. लोक म्हणतात, माणसाची परीक्षा मोठ्या प्रसंगात होते. माझी झाली ती एका शाळेच्या ऑफिसात, चहाचा कप हातात असताना. मी नापास झालो आणि चहा संपवला.

तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मला अहवाल लिहून द्यायला सांगितलं. मी सुबक अक्षरात लिहून दिला: सुरक्षा यंत्रणा बंद केल्यामुळे सदर नुकसान झाले असून, त्यास हाताळणारी व्यक्ती जबाबदार आहे. ‘सदर’ हा शब्द फार सोयीचा आहे. तो घातला की आपण कोणाबद्दल लिहितो आहोत ते लिहिणाऱ्यालाही नीट दिसत नाही.

तिला महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अध्यक्षांवर माझी छाप पडली. संस्थेच्या सगळ्या शिक्षकांसाठी त्यांनी त्याच शाळेत माझं व्याख्यान ठेवलं, ‘संगणक वापरताना घ्यावयाची काळजी’. फळ्यावर रंगीत खडूने माझं नाव, टेबलावर नवी चादर, हार, शाल, श्रीफळ. मी नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागणार, म्हणून गेलो. भेकड माणसाला एकदा खोटं बोलून सुटका नसते, हे मला तेव्हा कळायला लागलं.

आणि मी उत्तम बोललो! हे लिहिताना स्वतःचा संताप येतो, पण उत्तम बोललो. प्रोग्राम ज्याने बनवला त्याच्याच पानावरून घ्या, मधल्या कोणाकडून घेऊ नका. मोठं हिरवं बटण दिसलं की हात मागे घ्या. टाकताना दोन रस्ते दाखवतात, सोपा आणि स्वतः निवडायचा. नेहमी दुसरा घ्या आणि आधीच केलेल्या खुणा एकेक काढा. फुकट मिळतंय तर ते कशावर जगतं, हे स्वतःला विचारा. दुसरी प्रत काढली की पेनड्राइव्ह उपसून कपाटात ठेवा, आणि सुतळी वासराला बांधायला वापरा. इथे शिक्षक हसले. वकीलसाहेबांचाही किस्सा सांगितला, तिथे जास्त हसले. शेवटी आवाज चढवून म्हणालो, ‘आणि काहीही झालं तरी अँटीव्हायरस बंद करायचा नाही. जो प्रोग्राम तुम्हाला राखण उठवायला सांगतो, तो घरात घ्यायचाच नाही.’ टाळ्या पडल्या. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, ‘बघा, जानकार मानूस असा असतो.’

ती शेवटच्या रांगेमागे उभी होती, हे मला टाळ्या वाजत असताना दिसलं. तो तिचा शाळेतला शेवटचा दिवस होता. कार्यक्रमाच्या खुर्च्या मोजून घेणं आणि कपाटाच्या किल्ल्या परत देणं, एवढं तिच्याकडे राहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती जावांबरोबर कांद्याच्या रानात जाणार होती. हे मला शिपाईमामांनी हार घालायच्या आधीच सांगितलं होतं.

मी मागच्या दाराने निघायचा बेत केला होता. पण व्हरांडा एकच आणि तिथे ती. मी थांबलो. आता ही बोलणार, असं वाटलं, आणि खरं सांगतो, ती बोलली असती तर मला हलकं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. सगळ्यांसमोर म्हणाली असती की यांनीच शिकवलं, तर कदाचित मी हो म्हटलं असतं. कदाचित.

ती जवळ आली. पदर नीट केला. आवाज अगदी खाली, वर्गात शंका विचारायची तसा.

‘सर, त्यो नियम बदलला व्हय?’

मी शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘म्हंजी आपल्या टायमाला आधी बंद करायचा हुता ना. आता तुमी न्हाई करायचा म्हनलात. मला ठाव नव्हतं, हितं खेड्यात काय कळत न्हाई. कधी बदलला?’

अजूनही वेळ होती. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो, आठ पांढरे कपडे नव्हते, कोणी ऐकणारं नव्हतं. आत अध्यक्ष होते, दहा पावलांवर. मी आत जाऊन बोललो असतो तर तिचं टेबल राहिलंही असतं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘अलीकडंच बदलला.’

तिने मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला.

‘मंग ठीक हाय, सर,’ ती म्हणाली. ‘मला आपलं वाटत हुतं, तुमी शिकवलेलं मीच कायतरी इसरले.’

मग ती किल्ल्या द्यायला आत गेली.